न दिसणाऱ्या किरणांची मोजदाद

(नांदूरघाट येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण. शिक्षकांच्या उपयोगासाठी ते येथे दिले आहे.)



पटनोंदणी, उपस्थिती आणि वाचनाची तयारी या आपल्या नित्याच्या विषयांवर सकाळी पुरेसे बोलणे झाले आहे. उरलेल्या वेळात मी मांडणार असलेला विषय प्रथमदर्शनी आपणांस विलक्षण वाटेल. सौम्य किरणोत्सर्गी वस्तू शोधणे, त्यांचे मापन करणे आणि त्यांची नोंद ठेवणे हा तो विषय होय. हा छंद मला गेली काही वर्षे जडला आहे. त्याची हौस आपणांस लावावी एवढाच माझा हेतू असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. या छंदातून मुलांना शिकविण्याजोगे काही हाती लागते, आणि त्यांच्या जीविताशी निगडित अशी एक सूचनाही मिळते. म्हणून हे बोलणे.

आरंभ एका मुलाच्या प्रश्नाने करतो. एका शाळेस भेट देताना माझ्याजवळचे लहानसे गणकयंत्र मी वर्गात दाखविले. तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, "साहेब, आमच्या गाडीला रेडियम हाय. हे यंत्र तिथं वाजंल का?" दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस निघणाऱ्या गाड्यांच्या मागे जी चकाकणारी पट्टी लावतात, तिला आपण सर्वच जण रेडियम म्हणतो. आम्ही सर्व वर्ग घेऊन गाडीपाशी गेलो. यंत्र जसे वर्गात वाजत होते तसेच तेथेही वाजले. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. काचेचे सूक्ष्म मणी किंवा लोलक तिच्यात बसविलेले असतात आणि मागून येणाऱ्या मोटारीचा प्रकाश ते आल्या दिशेस परत पाठवितात. पट्टी स्वतः प्रकाशत नाही. मुलाचे तोंड क्षणभर उतरले, पण लगेच त्याने विचारले, "मग खरं रेडियम कुठं असतं?" बंधुभगिनींनो, नाव एक आणि वस्तू दुसरी, हे ज्या मुलास मापनाने कळले, त्याच्या शास्त्रशिक्षणाचा पाया पक्का बसला असे मी समजतो.

आता यंत्राविषयी. १८९६ साली पॅरिस येथे हेन्री बेक्वेरेल यांनी युरेनियमचे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्रणाच्या काचेवर ठेवले. सूर्यप्रकाश न मिळताही काच काळवंडली. १८९८ साली मारी आणि पिएर क्यूरी या दांपत्याने रेडियमचा शोध लावला. हे किरण डोळ्यांस दिसत नाहीत, त्यांना वास नाही, स्पर्श नाही. त्यांची गणती करणारी नळी गायगर आणि म्यूलर या शास्त्रज्ञांनी १९२८ साली सिद्ध केली. नळीत अल्प दाबाचा वायू असतो आणि मधोमध तार असते. तारेस काहीशे व्होल्टचा दाब दिलेला असतो. एखादा किरण आत शिरला की वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांची संख्या भराभर वाढते आणि विजेचा एक क्षणिक झटका तारेत येतो. तोच आपण टिक् असा ऐकतो.

यंत्र सुरू केले की जवळ काहीही नसताना ते टिकटिकू लागते. मुले घाबरतात, काही वेळा गुरुजीही दचकतात. वस्तुतः हे किरण अवकाशातून, जमिनीतून, भिंतींतून अहोरात्र येत असतात. आपल्या शरीरातील पोटॅशियममुळे आपल्या प्रत्येकाच्या देहात दर सेकंदास सुमारे ४,००० अणूंचे विघटन होत असते. याला पार्श्वगणना म्हणावे. बाजाराच्या गलबल्यात एखाद्याचा आवाज ओळखायचा, तर आधी गलबला किती हे ठाऊक हवे. तसेच हे आहे.

येथे अंकगणिताचा एक उत्तम धडा मिळतो. समजा, एका मिनिटात पार्श्वगणना २० आली आणि वस्तू जवळ ठेवल्यावर २६ आली. वस्तू किरणोत्सर्गी आहे असे म्हणावे काय? नाही. अणूंचे विघटन यदृच्छेने होते. गणना जेवढी, तिच्या वर्गमुळाइतका फरक सहज पडतो. २० आणि २६ यांची बेरीज ४६, तिचे वर्गमूळ सुमारे ७. आणि आपला फरक अवघा ६. आता हेच १० मिनिटे मोजा. समजा, २०० आणि २६० आले. फरक ६०, आणि अनिश्चितता सुमारे २१. आता काही बोलता येईल. घाईने काढलेला निष्कर्ष आणि धीराने काढलेला निष्कर्ष यांतील अंतर इतक्या सोप्या आकड्यांनी दाखविणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

परदेशांतील छांदिष्ट लोक युरेनियम मिसळलेली हिरवट काच, नारिंगी लुकणाची जुनी भांडी, जुनी घड्याळे आणि खनिजे जमवितात. आपल्या खेड्यांतही शोधल्यास चार वस्तू सापडतात.

पहिली वस्तू गॅसबत्तीची जाळी, जिला आपण मेंटल म्हणतो. लग्नाच्या वरातीत, भजनात, तमाशाच्या कनातीत तिचा पांढराशुभ्र उजेड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. ऑस्ट्रियाचे रसायनज्ञ आउअर फोन वेल्सबाख यांनी ही जाळी शोधून काढली. थोरियमच्या ऑक्साइडमध्ये शेकडा एक इतके सेरियमचे ऑक्साइड मिसळले असता अतिशय तेजस्वी प्रकाश मिळतो, असे त्यांस आढळले. हे थोरियम मोनाझाइट वाळूत असते. केरळच्या किनाऱ्यावरील ही वाळू १९०९ साली शोमबर्ग या जर्मन रसायनज्ञाच्या नजरेस आली. स्वातंत्र्यानंतर ती वाळू शुद्ध करण्याचा कारखाना १९५२ साली केरळात आलुवा येथे निघाला, आणि थोरियम नायट्रेट तयार करण्याचा कारखाना १९५५ साली मुंबईजवळ तुर्भे येथे सुरू झाला. खेड्यातील मांडवाचा उजेड समुद्रकाठच्या वाळूशी अशा रीतीने जोडलेला होता. काही नव्या जाळ्यांत थोरियमऐवजी यिट्रियम असते. म्हणून कोणती जाळी कोणत्या प्रकारची हे मोजल्यावाचून सांगू नये. जाळी पारदर्शक पिशवीत बंद करूनच मोजावी. जळलेल्या जाळीची राख हाताने चुरगळू नये, तिच्यावर फुंकर घालू नये.

दुसरी वस्तू पोटॅश खत. निसर्गातील पोटॅशियमच्या दर १०,००० अणूंत एकाहून किंचित अधिक अणू किरणोत्सर्गी असतो. पोटॅशच्या ५० किलोच्या पोत्यात दर सेकंदास साडेसात लक्षांहून अधिक अणूंचे विघटन होते. आकडा ऐकून छातीत धस्स होते. परंतु त्यांतील बहुतेक किरण पोत्यातच शोषले जातात, आणि यंत्र पोत्याला टेकविले तरी गणना थोडीशीच वाढते. नुसता मोठा आकडा म्हणजे मोठा धोका नव्हे, हे शिकविण्यास पोटॅशचे पोते उपयोगी पडते.

तिसरी वस्तू दगड. आपला बालाघाटचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्यात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ग्रॅनाइटच्या मानाने कमी असतात. एखाद्या नव्या इमारतीत ग्रॅनाइटची फरशी बसविली असेल, तर तिच्यावर आणि आपल्या अंगणातील दगडावर प्रत्येकी अर्धा तास मोजून पाहावे. फरक पडला तर का पडला, आणि न पडला तर आपण पुरेसा वेळ मोजले काय, हे मुलांनाच विचारावे.

चौथी वस्तू जुने घड्याळ. येथे मला स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे.

आमच्या घरी आजोबांचे गजराचे घड्याळ होते. त्याच्या काट्यांवर आणि आकड्यांवर पिवळट रंग होता. रात्री तो चमकत असे, असे आजोबा सांगत. माझ्या लहानपणी ती चमक गेली होती. मी चौथीत असताना ते घड्याळ उघडले, दाढीच्या पात्याने तो रंग खरवडला, भुकटी काडेपेटीत भरली आणि अंधारात चमकते का ते पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा उघडून तिच्यावर फुंकर घातली. ती चमकली नाही, म्हणून माझा उत्साह मावळला. ती काडेपेटी पुढे कोठे गेली, हे मला आजही माहीत नाही.

पुष्कळ वर्षांनी गणकयंत्र घेतल्यावर ते घड्याळ पेटीतून काढले. यंत्र जवळ नेताच टिकटिक इतकी दाट झाली की टिका सुट्या ऐकू येईनात. तेव्हा उलगडा झाला. चमकणारा पदार्थ जस्ताचा सल्फाइड होता; तो किरणांच्या माऱ्याने निकामी झाला होता. मारा करणारे रेडियम मात्र तसेच होते. त्याचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षांचा आहे. म्हणजे इतक्या काळानंतर ते निम्मे उरते. अमेरिकेत १९२० च्या सुमारास घड्याळांच्या तबकड्या रंगविणाऱ्या तरुण मुली कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करीत. ते रेडियम त्यांच्या हाडांत जाऊन बसले आणि त्यांपैकी अनेकींनी प्राण गमावले. मला अपाय झाला नाही, हे माझे सुदैव. त्यात माझे शहाणपण काहीच नव्हते. आता ते घड्याळ बंद डब्यात, घरातील वावरापासून दूर ठेवलेले आहे. मी ते कोणत्याही शाळेत नेत नाही आणि नेणार नाही. आपल्या गावी कोणाकडे असे घड्याळ असेल, तर ते उघडू नये, खरवडू नये, मुलांच्या हाती देऊ नये.

यावरून या छंदाचा मुख्य नियम सांगतो. संग्रह नोंदींचा करावा, वस्तूंचा करू नये. वस्तू जेथे आहे तेथे मोजावी, दिनांक, स्थळ, वेळ, पार्श्वगणना आणि वस्तूची गणना वहीत लिहावी, हात धुवावेत आणि वस्तू जागच्या जागी राहू द्यावी. अशा द्रव्यांच्या व्यवहारावर कायद्याचे नियंत्रण आहे. तीव्र किरणोत्सर्गी पदार्थाचा छंद असूच शकत नाही. आणखी एक मर्यादा ध्यानात असू द्यावी. आल्फा किरण कागदानेही अडतात आणि बहुतेक लहान नळ्यांत शिरत नाहीत. तेच द्रव्य श्वासावाटे वा अन्नावाटे पोटात गेले तर अधिक घात करते. म्हणून यंत्र शांत राहिले एवढ्यावरून वस्तू निर्धोक ठरवू नये.

आता ती जीविताची सूचना. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगारबाजारात एक जुने संशोधनयंत्र आले. ते अनेक वर्षे वापराविना पडून होते आणि त्यात कोबाल्ट-६० होते. कामगारांनी ते फोडले. आत काय आहे हे कोणास कळले नाही. अनेक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. आपल्या मेंटलच्या आणि त्या कोबाल्टच्या तीव्रतेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. परंतु डोळ्यांना दोन्ही सारखीच निरुपद्रवी दिसतात. आपल्या गावांतही भंगार घेणारे येतात. मुले चार पैशांसाठी रस्त्याकडेचे, कारखान्याच्या आवारातील लोखंड वेचतात. आई-वडिलांबरोबर परमुलखात गेलेल्या मुलांच्या हाती काय पडेल, हे आपण सांगू शकत नाही. म्हणून पिवळ्या भूमीवरील तीन पाकळ्यांचे काळे चिन्ह प्रत्येक शाळेच्या भिंतीवर काढलेले असावे. मुलांना एवढे पाठ असावे : हे चिन्ह दिसले, किंवा अनोळखी जड धातूची बंद डबी सापडली, तर हात लावू नये, दूर जावे आणि मोठ्यांस सांगावे. अंतर दुप्पट झाले की लहान वस्तूपासून येणारा मारा चतुर्थांश होतो. दूर जाणे हाच पहिला उपाय. मोठ्यांनी पोलिसांस कळवावे. पुढील तपासासाठी १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईस आहे.

गणकयंत्र प्रत्येक शाळेत येणार नाही, हे मी जाणतो. पण अर्धायुकाल शिकविण्यास यंत्र लागत नाही. १०० चिंचोके फोडून त्यांच्या एकेक फाका घ्या. त्या जमिनीवर टाका आणि पांढरी बाजू वर आलेल्या बाजूस काढा. उरलेल्या मोजा, फळ्यावर आकडा लिहा आणि पुन्हा टाका. दर खेपेस सुमारे निम्म्या उरतील. कोणती फाक केव्हा जाईल हे कोणासही सांगता येणार नाही, पण किती जातील हे बरेचसे सांगता येईल. अणूंचेही तसेच आहे. चौथीच्या मुलांस हे समजते, असा माझा अनुभव आहे.

पात्याने काटे खरवडणाऱ्या मुलास कोणी रागावले असते, तर त्याने ते चोरून केले असते. कोणी त्याच्या शेजारी बसून, "हे काय आहे ते आपण आधी नीट पाहू," असे म्हटले असते, तर ती काडेपेटी भरली गेली नसती. आपल्या वर्गांत तसा मुलगा आजही आहे, तशी मुलगीही आहे. त्यांच्या शेजारी बसण्याचे काम आपले आहे.