तळ्यांतील रोग आणि माशांच्या जाती

धारूरचा मुलूख बालाघाटच्या डोंगरांतला. अशा मुलुखांत पावसाळ्यांत तलाव भरला, कीं त्यांत रोहू, कटला व मृगळ यांची बोटुकली सोडावयाची आणि मासा वाढला म्हणजे जाळें टाकावयाचें, ही रीत. ह्या एका हंगामावर मच्छीमार कुटुंबांचें सारें वर्ष अवलंबून असतें. राज्यांत टिलापिया, म्हणजे उजनीकांठची चिलापी, आणि सायप्रिनस हेही पाळले जातात. अशा तळ्यांत विषाणूचा रोग शिरला, तर सर्वच मासे मरतात काय?

नाहीं. विषाणूला माशाच्या पेशींत शिरावयाचें, तर पेशीवर त्याला जुळणारी खूण लागते. कुलपास किल्ली लागते तशीच. एका जातींत ती मिळते, दुसरींत मिळत नाहीं. इस्राएलमधील गॅलिली सरोवरांत २००९ पासून टिलापिया घटूं लागला. त्याचा विषाणू २०१४ मध्यें उजेडांत आला. २०१८ मध्यें तो भारतांतही आढळल्याचें प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं थायलंडांतील प्रयोगांचें फळ छापून आलें. हा विषाणू टोचला असतां टिलापिया व मोठा गुरामी मेले. सायप्रिनस आणि जिताडा मात्र तगले.

म्हणून सायप्रिनस अजिंक्य ठरत नाहीं. त्याचा आणि त्याच्याच जातीच्या रंगीत कोईचा काळ निराळा. तो कोई-हर्पीस नांवाचा विषाणू. २००३ मध्यें जपानांतील कासुमिगाउरा सरोवरांत त्यानें पाळीव कार्प माशांचा मोठा संहार केला. त्या रोगानें गोल्डफिश मरत नाहीं. तथापि त्याच्या अंगीं त्या विषाणूचा अंश आढळला आहे. खरी मेख येथेंच आहे. जो मासा मरत नाहीं, तो रोग वाहून नेत नाहीं असें समजूं नये.

तळ्यांत ओतून हे विषाणू मारील असें औषध नाहीं. तेव्हां बीज कोठून आलें हें विचारावें, नवी बोटुकली कांहीं दिवस वेगळ्या हौदांत ठेवावी, जाळीं धुवून कडक उन्हांत वाळवावीं आणि मेलेले मासे पाण्यापासून दूर पुरावे. हे दोन्ही रोग माणसास होत नाहींत. जेवणाऱ्यानें भिऊं नये.

शहरांतील गृहस्थाकडेंही एक कर्तव्य येतें. कांचेच्या पेटींतील गोल्डफिशचा कंटाळा आला, कीं मुलें दयेपोटीं तो जवळच्या विहिरींत किंवा तलावांत सोडून देतात. तो मासा पाण्यांत आनंदानें पोहूं लागेल. पण त्याच्यासवें कोण पोहत गेलें, हें त्या तलावावर पोट असलेल्या मच्छीमारास फार उशिरां कळेल.