भीमथडीचें तट्टू व अपंगांचें चालणें

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या प्रसंगीं मला ज्युबिली नांवाच्याच एका घोडीची आठवण होते. डेन्मार्क देशांतील लिस हार्टेल ह्या बाईंस १९४४ सालीं, ऐन तारुण्यांत व गरोदर असतांना, पोलिओ झाला. गुडघ्यांखालीं त्यांचे पाय कायमचे लुळे पडले. तथापि त्यांनीं घोड्यावर बसणें सोडिलें नाहीं. चढतां-उतरतांना त्यांस दुसऱ्याचा हात लागे; पण एकदां खोगिरांत बसल्या कीं घोडीचे चारी पाय जणूं त्यांचेच होत. १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत अश्वचालनाच्या स्पर्धेंत पुरुषांबरोबर उतरण्याची मोकळीक स्त्रियांस प्रथमच मिळाली, आणि ह्या बाईंनीं ज्युबिलीवर बसून रौप्यपदक मिळविलें. १९५६ सालीं तेंच पदक त्यांनीं पुन्हां मिळविलें. त्यांच्या उदाहरणानें अपंगांस घोड्यावर बसवून व्यायाम देण्याच्या पद्धतीस यूरोपांत मोठेंच उत्तेजन आलें.

कोणी विचारील, चालतो घोडा. त्यानें बसणाऱ्याच्या पायांस काय लाभ? ह्याचें उत्तर घोड्याच्या पाठींत आहे. तो संथ चालूं लागला म्हणजे त्याची पाठ पुढें-मागें, डावी-उजवीकडे व वर-खालीं अशी तालांत हालते, आणि ती हालचाल स्वाराच्या कमरेस पोंचते. धडधाकट मनुष्य चालतांना त्याची कंबर बहुतेक अशीच हालते. म्हणजे ज्या मुलानें जन्मांत एक पाऊल टाकलें नाहीं, त्याच्या कमरेस व पाठीस चालण्याची ओळख होते. तोल सांवरण्याकरितां त्याच्या धडाचे स्नायू क्षणोक्षणीं कामास लागतात. शिवाय घोड्याच्या अंगाची ऊब सुमारें ३८ अंश, म्हणजे आपल्याहून किंचित् अधिक असते. तिनें ताठरलेल्या मांड्या सैल होण्यास मदत होते. जन्मापूर्वीं किंवा जन्माच्या सुमारास मेंदूस इजा होऊन ज्यांचे हातपाय ताठरले, अशा मुलांवर ह्या उपायाचा विशेष अभ्यास झाला आहे. बसण्याचा तोल व धडावरील ताबा सुधारल्याचें त्यांत अनेकदां आढळून आलें आहे.

परंतु खरें तें स्पष्ट सांगितलें पाहिजे. हा कांहीं चमत्कार नव्हे. घोड्यावर बसून मेलेली नस जिवंत होत नाहीं, आणि रोजचा व्यायामही सुटत नाहीं. सांधा निखळलेला असेल, हाडें ठिसूळ असतील, किंवा आंकडी आवरत नसेल, तर घोड्यावर बसविणें घातक होय. म्हणून आधीं डॉक्टरांची संमति हवी, जवळ शिकलेला व्यायामोपचारक हवा, डोक्यावर शिरस्त्राण हवें, लगाम धरून चालणारा एक व दोहों बाजूंस आधार देणारे दोन असे तीन मनुष्य हवे, आणि चढण्यास उतरता ओटा हवा. वरातीच्या घोड्यावर लेंकरूं बसवून कोणी बरें करण्याची हमी देऊं लागला, तर त्यास दुरूनच नमस्कार करावा.

आतां आपल्या घराकडे वळूं. इंदापूर भीमा व नीरा ह्या दोन नद्यांमध्यें वसलें आहे, आणि बारामती पूर्वीं भीमथडी तालुक्यांतच मोडत असे. ह्याच भीमेच्या थडीचीं तट्टें मराठ्यांच्या घोडदळांत नांवाजलीं. २०२३ सालीं स्वीकारलेल्या राज्यगीतांतही त्यांचें नांव आहे. १८१८ सालीं राज्य गेलें, घोडदळें मोडलीं, आणि हें तट्टू धनगराच्या वाड्यावर आलें. मेंढ्यांमागें कोसच्या कोस तुडवितांना धनगराचें बिऱ्हाड, कोंबड्या, आणि चालण्याजोगें नसलेलें तान्हें लेंकरूं, सारें त्याच्याच पाठीवर असतें. २०२४ सालीं सरकारी संस्थेनें भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदली. त्या कामीं बारामतीकरांनींही खटपट केली.

माझें म्हणणें एवढेंच आहे. हें तट्टू बुटकें, काटक व माणसाळलेलें आहे. बुटकेपणा येथें गुणच होय. कारण बाजूनें चालणाऱ्याचा हात स्वाराच्या कमरेपर्यंत सहज पोंचतो. जें जनावर पिढ्यान्‌पिढ्या चालतां न येणारीं लेंकरें वाहून नेत आलें, त्यांतील शांत स्वभावाचीं निवडून नीट शिकविलीं, तर तेंच काम तीं उपचार म्हणून करतील. घोडा राखणारा आपल्यांत आहे, डॉक्टर आहे, व्यायामोपचारकही मिळेल. ह्या तिघांस एका अंगणांत आणणारा मात्र कोणी नाहीं.

पोलिओच्या बाबतींत देश २०१४ सालीं मुक्त ठरला, ही मोठ्या आनंदाची गोष्ट. परंतु मेंदूच्या इजेनें व अपघातानें उंबऱ्याशीं खिळलेलीं माणसें अजून घरोघर आहेत. आपण त्यांच्याकडे नेहमीं वरून खालीं पाहतों. घोड्यावर बसलेल्या मुलाकडे मान वर करून पाहावें लागतें. तें एकदां पाहण्याची इच्छा आपणां सर्वांस होवो.