कपाट रिकामं, गाडी मात्र भरलेली



उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मुलाकडे, मुलीकडे जाऊन आलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी तिथल्या महामार्गावर मोटारीमागे जोडलेलं चाकांवरचं छोटं घर पाहिलं असेल. त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. चौदा-सोळा फुटांच्या त्या खोलीत पलंग, शेगडी, फ्रिज, बेसिन, कधी संडासही बसवलेला असतो. आता कितीतरी मराठी कुटुंबं असा ट्रेलर घेऊन किंवा भाड्याने आणून यलोस्टोनला, ग्रँड कॅन्यनला जातात. आजी-आजोबा सोबत, नातवंडं सोबत. प्रवास फार सुंदर होतो. पण हा ट्रेलर भरायचा कसा, याचा विचार निघण्याआधी शांतपणे व्हायला हवा, आणि तो बहुतेक वेळा होत नाही. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

ट्रेलरमध्ये जागा किती आहे हे दाखवायला विक्रेता फार उत्सुक असतो. पलंगाखालचा खण, बाकाखालची पेटी, छतालगतची कपाटं, तो सगळं उघडून दाखवतो. ट्रेलर वजन किती पेलणार, हे मात्र दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या एका पिवळ्या कागदावर लिहिलेलं असतं. सामानाचं वजन अमुक किलोच्या वर कधीही जाऊ देऊ नये, असं त्यावर छापलेलं असतं. त्याखाली आणखी एक ओळ असते: पाण्याची टाकी पूर्ण भरली तर ते पाणीच तमुक किलो सामान धरावं. ही ओळ फारसं कोणी वाचत नाही, आणि खरा हिशेब तिथेच सुरू होतो.

एका आसाच्या छोट्या ट्रेलरचं उदाहरण घेऊ. अशा अनेक गाड्यांचा आस ३५०० पौंडांचा, म्हणजे साधारण १५९० किलोंचा असतो. सगळं मिळून गाडीनं त्यापलीकडे जायचं नाही असं धरू. कारखान्यातून निघताना तिचं रिकामं वजन १३१० किलो असेल, तर हातात उरले २८० किलो. ऐकायला बरेच वाटतात. आता वीस गॅलनची टाकी भरा. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे ७६ किलो तिथेच गेले. बॅटरी पुष्कळदा कारखान्यात नव्हे तर विक्रेत्याकडे बसते. ती वीस-बावीस किलोंची. पाण्याची नळी, सांडपाण्याची नळी, विजेची जाड केबल, चाकांना लावायच्या उट्या, जॅक, पाने हे सगळं तीस किलोंच्या आसपास. आपण अजून एक ताटलीसुद्धा ठेवलेली नाही, आणि उरले दीडशे किलो. त्यात चौघांचे कपडे, अंथरुणं, खुर्च्या, बर्फाची पेटी आणि आपलं स्वयंपाकघर. प्रेशर कुकर, बिडाचा तवा, तांदळाची दहा किलोंची पिशवी, कणीक, डाळींचे डबे. कपाटं अजून निम्मी रिकामी दिसत असतात, आणि गाडी केव्हाच भरलेली असते.

पूर्वीच्या ट्रेलर बांधणाऱ्यांना या वजनाची फार काळजी होती. अमेरिकेत हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये ॲल्युमिनियमचा ट्रेलर केला. ते मूळचे ग्लायडर बांधणारे. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीची क्लिपर १९३६ मध्ये आली, तीही विमानासारख्या रिवेट मारलेल्या पत्र्याची. १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला बोलर नावाचा तेरा फुटांचा फायबरग्लासचा ट्रेलर निघाला. छोट्या मोटारीनंही ओढता यावा, असा तो हलका होता. आजच्या छोट्या ट्रेलरमध्ये मायक्रोवेव्ह, वातानुकूलन, छतावरची सौर पॅनेलं येतात, आणि यातल्या प्रत्येक सोयीचं वजन शेवटी सामानाच्या वाट्यातून वजा होतं.

आता वजन किती, याइतकाच मोठा प्रश्न म्हणजे ते कुठे. आपल्याकडे बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जोत्याचा फास बैलाच्या गळ्याला बसतो. ट्रेलरचंही तेच. फरक इतकाच, की इथे वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर, मोटारीच्या हुकावर यायला हवा. ट्रेलर १५०० किलोंचा असेल तर दीडशे ते सव्वादोनशे किलो. त्याहून कमी आला, तर मोठा ट्रक शेजारून गेल्यावर किंवा उतारावर ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतो. प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होत जातो आणि मोटारीलाही सोबत फिरवतो. अशा वेळी जोरात ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगशी झटापट करू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा, चाक सरळ धरा, आणि ट्रेलरचे ब्रेक हातानं लावायची सोय असेल तर फक्त तेच लावा.

सायकलींबद्दल मला विशेष कळकळीनं सांगायचं आहे, कारण लोक त्या अगदी सहज मागच्या बंपरला टांगतात. समजा, सायकली आणि स्टँड मिळून चाळीस किलो झाले. बंपर आसाच्या मागे तीन मीटरवर आहे, हुक पुढे साडेतीन मीटरवर. तरफेच्या नियमानं पुढच्या हुकावरचा भार ३४ किलोंनी घटतो, आणि आसावर चाळीस नव्हे तर ७४ किलो वाढतात. विजेवर चालणाऱ्या दोन सायकली असतील, तर त्यांचंच वजन पन्नासच्या आसपास जातं. त्या मोटारीच्या टपावर किंवा ट्रेलरच्या आत, आसाच्या वर ठेवता येतात का ते आधी पाहा.

म्हणून जड वस्तू खाली, आसाच्या जवळ किंवा किंचित पुढे. तांदूळ, डबे, हत्यारं बाकाखाली. वरच्या कपाटांत टॉवेल, कपडे, चिवडा, पोहे. पाण्याची टाकी आसाच्या पुढे आहे की मागे, हे खाली वाकून बघून घ्या. ती मागे असेल तर भरल्यावर हुकावरचा भार कमी होतो. आणि भांडी घासली, अंघोळ झाली म्हणून पाण्याचं वजन जात नाही. ते सांडपाण्याच्या टाकीत जाऊन बसतं, आणि ती टाकी गाडीच्या दुसऱ्याच टोकाला असू शकते. मुक्कामी नळ असेल तर वाटेपुरतं थोडं पाणी घेऊन निघावं. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजचा तळ सोडला तर ट्रेलरला थेट पाणी-वीज जोडून मिळत नाही, पण भरून घ्यायला पाणी मिळतं. ओसाड सरकारी जमिनीवर राहणार असाल तर मात्र टाकी भरूनच न्यावी लागते. मग दुसरं काहीतरी घरी ठेवा.

हुकावरचा भार मोटारीच्या वाट्याचा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मोटारीच्या दारावरही कागद असतो. त्यावर माणसं आणि सामान मिळून समजा ४५० किलो लिहिलेत. हुकावर १८० आले, हुकाच्या लोखंडाचे वीस गेले, उरले अडीचशे. सरासरी पासष्ट किलोंची चार मोठी माणसं बसली की झाले २६०. आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना घेऊन निघायचंय, बॅगा मोटारीत टाकल्यात, तर हा हिशेब आधी करायलाच हवा. कंपनीच्या जाहिरातीत मोटार दोन हजार किलो ओढते असं म्हटलेलं असलं, तरी तिचा हा वाटा फार आधी संपतो.

हे अंदाजानं कळत नाही. ट्रकच्या थांब्यांवर वजनकाटे असतात. मोटार आणि ट्रेलर जोडून काट्यावर उभे करायचे, की पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचा आस अशी तीन वजनं छापून हातात मिळतात. मग ट्रेलर सोडून नुसती मोटार, तीच माणसं बसवून, पुन्हा तोलायची. मोटारीच्या दोन आसांवर आधी जेवढं जास्त भरलं, तेवढा हुकावरचा भार. खर्च मोजक्या डॉलरचा. हे वजन प्रवासाला निघता त्याच अवस्थेत करा, पाणी, गॅस, किराणा, सगळं भरून. मग ट्रेलरच्या टायरवर छापलेली भारमर्यादा आणि हवेचा दाब त्या आकड्यांशी ताडून पाहा. हवा टायर थंड असताना भरा. जास्त ओझं आणि कमी हवा एकत्र आली की टायर तापतो, आणि ट्रेलरचे टायर फुटतात ते पुष्कळदा याच कारणानं.

जुना ट्रेलर घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. तो पिवळा कागद कारखान्यातल्या दिवसाचा असतो. मधल्या मालकानं नवी गादी, दुसरी बॅटरी, मागे सामानाची चौकट बसवली असेल, तर त्याची नोंद कागदावर नसते. कधी कागदच निघून गेलेला असतो. विकणाऱ्याला सोबत घेऊन रिकामा ट्रेलर काट्यावर न्या, चिठ्ठी हातात घ्या, आणि पैसे त्यानंतर द्या.