मधुमेह आणि आपली पंगत



मधुमेह जडल्यावर आम्ही तो चार वर्षे लपविला. पंगतीत यजमानांचा आग्रह मोडवत नसे. जिलबी मुकाट्याने खात असू. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पाय बधिर होतात, हे वहाणेचा खिळा टोचून जखम चिघळली तेव्हा आम्हांस कळले! सन १९२२ मध्ये इन्सुलिन प्रथम माणसास टोचले गेले. त्यापूर्वी वैद्य अशा रोग्यास जवळजवळ उपाशी ठेवीत. आम्हांस औषध सहज मिळत होते. सांगावयास मात्र जीभ रेटेना. शेवटी भाच्याच्या लग्नात आम्ही ते मोठ्याने सांगितले. क्षणभर पंगत स्तब्ध झाली. मग समोरच्या दोघा गृहस्थांनीही वाढप्यास हात आडवा केला.