जामीन : हजेरीची हमी

एखाद्या गाजलेल्या खटल्यांतील आरोपी जामिनावर सुटल्याची बातमी सकाळच्या वर्तमानपत्रांत आली, कीं घरोघरीं चहाच्या वेळीं एकच उद्गार ऐकूं येतो : "सुटला एकदांचा !" या उद्गारांतील संताप समजण्यासारखा आहे, परंतु त्याच्या बुडाशीं असलेली समजूत कायद्याला धरून नाहीं. जामिनावर सुटलेला मनुष्य खटल्यांतून सुटलेला नसतो. त्याच्यावरील आरोप कायम असतो, साक्षीपुरावा व्हावयाचा असतो, आणि दोष शाबीत झाल्यास शिक्षाही त्याला चुकत नाहीं. निकाल लागेपर्यंतचा काळ त्यानें तुरुंगांत काढावा कीं घरीं, एवढाच प्रश्न जामिनाच्या अर्जावर सोडविला जातो.

हा प्रश्न मात्र लहान नव्हे. ३१ डिसेंबर २०२२ रोजीं भारतांतील तुरुंगांत सुमारें ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांपैकीं सुमारें ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याच्यावरील आरोप अद्याप शाबीत झालेला नाहीं असा मनुष्य. तुरुंगांतील दर चार माणसांपैकीं तीन माणसें जर अशीं असतील, तर जामिनाचा कायदा हा केवळ वकिलांच्या चर्चेचा विषय राहत नाहीं; त्याचा विचार प्रत्येक सुजाण नागरिकानें करणें अवश्य ठरतें.

दोष शाबीत होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानावें, हें फौजदारी न्यायाचें मूलतत्त्व आहे. निर्दोष मानलेल्या मनुष्याला शिक्षा करतां येत नाहीं, हें ओघानेंच आलें. मग खटल्यापूर्वीं त्याला कोंडून ठेवण्याचें समर्थन कोणत्या आधारावर करावयाचें ? कायद्यानें मुख्यत्वें तीन कारणें मानलीं आहेत. आरोपी पळून जाईल व खटल्याला हजर राहणार नाहीं, ही पहिली भीति. तो साक्षीदारांना धमकावील किंवा पुरावा नाहींसा करील, ही दुसरी. आणि मोकळा राहिल्यास तो पुन्हां गुन्हा करील, ही तिसरी. आरोपाचें गांभीर्य आणि पुराव्याचें बळ न्यायाधीश पाहतात, तेंही मुख्यतः या तीन भीति कितपत खऱ्या आहेत हें तोलण्यासाठीं. आरोपीला आधींच अद्दल घडावी, हा हेतु मात्र त्यांत बसत नाहीं. १९७७ सालीं राजस्थानांतून आलेल्या बालचंद याच्या प्रकरणांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं हाच विचार थोडक्यांत मांडला : सामान्य नियम जामिनाचा, तुरुंग हा अपवाद.

कायद्यानें गुन्ह्यांचे दोन वर्ग केले आहेत. जामीनपात्र गुन्ह्यांत जामीन हा आरोपीचा हक्क असतो. तो द्यावयास तयार असेल, तर त्याला अडवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना नाहीं आणि न्यायाधीशांनाही नाहीं. दुसरा वर्ग अजामीनपात्र गुन्ह्यांचा. या शब्दानें पुष्कळांची फसगत होते. अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळूंच शकत नाहीं असा नाहीं. तो मागण्याचा हक्क नसून देण्या न देण्याचा निर्णय न्यायाधीशांच्या विवेकावर सोंपविलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. स्त्रिया, अल्पवयीन मुलें, आजारी व अपंग माणसें यांच्याविषयीं कायद्यानें येथेंही सवलतीची वाट ठेविली आहे.

विवेक हा शब्द ऐकण्यास गोड, पण त्याचे दोन्ही रंग महाराष्ट्रानें पाहिलेले आहेत. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. प्रथम नाकारलेला जामीन पुढें ऑगस्ट महिन्यांत मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं मंजूर केला. तो अर्ज चालविणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. टिळक ठरल्या दिवशीं खटल्याला हजर राहिले, दोषी ठरले आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा त्यांना झाली. जामीन मिळाला म्हणून निकाल टळला नाहीं आणि न्यायाचें कांहीं बिघडलेंही नाहीं. पुढें १९०८ सालीं टिळकांवर पुन्हां राजद्रोहाचा आरोप आला. या वेळीं जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जिना यांनीं केला, आणि न्यायासनावर होते तेच दावर, आतां न्यायमूर्ति झालेले. त्यांनीं जामीन नाकारला. आरोपी तोच, आरोप त्याच जातीचा, न्यायालयही तेंच. आणि आदेश मात्र उलट! आणि हा आरोपी पूर्वीं जामिनावर सुटून खटल्याला हजर राहिलेला होता, हें त्या न्यायमूर्तींइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार ? केवळ विवेकावर विसंबलेलें स्वातंत्र्य किती डळमळीत असतें, हें यावरून दिसतें.

म्हणूनच स्वतंत्र भारताच्या कायद्यानें या विवेकाभोंवतीं हळूहळू कांहीं कुंपणें घातलीं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत अटकपूर्व जामिनाची तरतूद आली. तिचा अर्थ १९८० सालीं गुरबक्षसिंग सिब्बिया यांच्या प्रकरणांत, पुण्याचे सुपुत्र असलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठानें उदारपणें लावला. तपासाच्या मुदतीचें कुंपणही असेंच आहे. आरोपी कोठडींत असतां पोलिसांनीं साठ दिवसांच्या आंत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षें व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांच्या आंत, आरोपपत्र दाखल केलें पाहिजे. तें न झाल्यास, आरोपपत्र येण्यापूर्वीं मागणी करणाऱ्या आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो, मग गुन्हा कितीही गंभीर असो. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें हीं कुंपणें राखलीं आहेत. शिवाय, ज्या गुन्ह्यास मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगितलेली नाहीं त्यांत कमाल शिक्षेचा निम्मा काळ, आणि पूर्वीं कधींही दोषी न ठरलेल्या मनुष्यानें एक तृतीयांश काळ, तुरुंगांत काढल्यास त्याला सोडावें असा नियम आहे; मात्र एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असलेल्यास ही सवलत नाहीं. अशा कैद्याचा अर्ज न्यायालयाकडे पाठविण्याचें कर्तव्य तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकलेलें आहे.

याच्या उलट दिशेनें जाणारे कायदेही आहेत. अंमली पदार्थ, काळा पैसा आणि दहशतवाद यांसंबंधींच्या विशेष कायद्यांत जामिनाची वाट मुद्दाम अरुंद केलेली आहे. तेथें आरोप सकृद्दर्शनीं खरा वाटत नाहीं किंवा आरोपी दोषी नसावा, असें न्यायाधीशांना वाटलें तरच सुटका होऊं शकते. राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठीं अशी कठोरता हवी, असें या कायद्यांच्या समर्थकांचें म्हणणें. तें सर्वस्वीं उडवून लावण्यासारखें नाहीं. परंतु खटलाच वर्षानुवर्षें उभा राहिला नाहीं तर काय करावें ? २०२१ सालीं नजीब याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं खटला लवकर संपण्याचें चिन्ह नसेल आणि आरोपीनें संभाव्य शिक्षेचा मोठा भाग कोठडींतच काढला असेल, तर घटनेच्या एकविसाव्या कलमानें दिलेलें जीविताचें व स्वातंत्र्याचें अभिवचन अशा कायद्याच्याही वर आहे.

इतकें सर्व असूनही कच्च्या कैद्यांनीं तुरुंग भरलेले कां ? अनेक खटले रेंगाळतात हें एक कारण. परंतु दुसरें कारण अधिक बोंचणारें आहे. जामीन मंजूर होणें आणि प्रत्यक्ष दार उघडणें यांच्यामध्यें रुपयांची एक भिंत उभी असते. न्यायाधीश अमुक हजारांचा जामीन ठरवितात; मग तेवढ्या ऐपतीचा जामीनदार हवा, त्याचा ऐपतीचा दाखला हवा किंवा जमिनीचा सात-बाराचा उतारा हवा. ज्याच्या सगळ्या गणगोतांत कोणाच्याही नांवावर वीतभर जमीन नाहीं, त्यानें हा कागद कोठून आणावा ? १९७८ सालीं मध्यप्रदेशांतील मोतीराम नांवाच्या गरीब गवंड्यावर हाच प्रसंग आला. सर्वोच्च न्यायालयानें त्याचा जामीन मंजूर केला होता; खालच्या न्यायालयानें दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि सख्ख्या भावाचा जामीन तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांतली म्हणून नाकारला. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं तो हट्ट चुकीचा ठरवून त्याला स्वतःच्या एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितलें. दुसऱ्याच वर्षीं हुसैनारा खातून यांच्या नांवें चाललेल्या प्रकरणांत बिहारच्या तुरुंगांतील असे कच्चे कैदी उजेडांत आले, कीं त्यांच्यावरील आरोपाला जी जास्तींत जास्त शिक्षा झाली असती तिच्याहूनही अधिक काळ ते खटल्यावांचून आंत होते. न्यायमूर्ति भगवती यांनीं त्या वेळीं त्वरित खटला हा मूलभूत हक्क मानला, आणि ज्याचीं मुळें समाजांत रुजलेलीं आहेत, जो घरदार सोडून पळून जाण्याचा संभव नाहीं, त्याला जातमुचलक्यावरच सोडावें असा मार्ग दाखविला.

हाच विचार पुढें कायद्यांतही उतरला. जामीनपात्र गुन्ह्यांत अटकेपासून एका आठवड्यांत ज्याला जामीनदार मिळत नाहीं, त्याला निर्धन मानून जामीनदाराशिवाय सोडावें, असें संहिता सांगते. ३१ जानेवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आणखी निर्देश दिले : जामीन होऊनही सात दिवसांत कैदी बाहेर पडला नाहीं, तर तुरुंगाधिकाऱ्यांनीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणास कळवावें, आणि महिनाभरांतही पूर्तता झाली नाहीं, तर न्यायालयानें आपण होऊन अटी सौम्य करण्याचा विचार करावा. कोठडींतील प्रत्येक मनुष्यास, त्याचें उत्पन्न कांहींही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानें दिलेला आहे. औषध कपाटांत आहे. तें रोग्याच्या तोंडापर्यंत पोंचत नाहीं, हें दुखणें आहे.

येथें सुशिक्षित कुटुंबांचा या विषयाशीं थेट संबंध येतो. घरीं काम करणाऱ्या बाईचा मुलगा किंवा ओळखीचा एखादा कामगार पकडला जातो, आणि "साहेब, जामीन राहाल काय ?" अशी विचारणा होते. भल्या माणसाच्याही छातींत त्या वेळीं धस्स होतें. जामीनदार गुन्ह्याचा भागीदार होत नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. आरोपी ठरलेल्या तारखेस हजर राहील, एवढीच हमी तो देतो. आरोपी फरारी झाला तर मुचलक्यांतील रक्कम त्याच्याकडून वसूल होऊं शकते, आणि ती न भरल्यास दिवाणी तुरुंगाचा प्रसंगही येऊं शकतो. म्हणून ओळख पक्की असल्यावांचून सही करूं नये. आपण आणखी कितीजणांना जामीन राहिलों आहों, हेंही त्याला न्यायालयास सांगावें लागतें. पैसे घेऊन जामीन राहण्याचा धंदा करणाऱ्यांना आळा बसावा हा त्यांतला हेतु. विश्वास उडाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून या जबाबदारींतून मोकळें होण्याची सोयही आहे.

फिर्यादीचें दुःख या विवेचनांत विसरून चालणार नाहीं. ज्याच्या घरावर आघात झाला, त्याला आरोपी गल्लींत फिरतांना दिसणें असह्य होतें. त्यासाठींच जामिनाला अटी घालतां येतात. साक्षीदारांजवळ फिरकूं नये, अमुक गांवीं जाऊं नये, ठाण्यावर हजेरी द्यावी, पारपत्र जमा करावें. अट मोडल्यास जामीन रद्दही होतो. फिर्यादीला खरा न्याय मिळावयाचा तो लवकर चाललेल्या खटल्यांतून. आरोपीला खटल्यावांचून दीर्घकाळ कोंडून ठेवल्यानें न्याय झाल्याचा भास तेवढा होतो, आणि खटला मात्र जागच्या जागींच राहतो.

तात्पर्य, हमी हजेरीची हवी आणि ती माणूस पाहून घ्यावी. तिचें मोल केवळ रुपयांत ठरूं लागलें, म्हणजे श्रीमंत आरोपी आठ दिवसांत घरीं येतो आणि गरीब आरोपी जामीन मंजूर झाल्याचा कागद उशाशीं घेऊन तुरुंगांतच झोंपतो. वर्तमानपत्रांत नांव येतें तें पहिल्याचें. दुसऱ्याची चौकशी करणारें कोणी तरी बाहेर असावें लागतें.