आरशातलं चित्र
(स्नेहसंमेलनात व्यक्त केलेले मनोगत)



मला पाच मिनिटं मिळाली आहेत. ती मी आपल्या चित्रकलेच्या सरांसाठी वापरणार आहे.

इंटरमिजिएटच्या तयारीत मी स्थिरचित्र काढलं होतं. तांब्या, दोन कांदे, मागे कापड. "सर, झालं," म्हटलं. सर काही बोलले नाहीत. त्यांनी कागद वरची बाजू खाली करून फळ्याला लावला आणि मला शेवटच्या बाकाजवळ उभं केलं. तांब्या चक्क एका बाजूला कलला होता. तासभर नाकासमोर असून मला ते दिसलं नव्हतं.

ही युक्ती जुनीच आहे, हे पुढे वाचनात आलं. सुमारे ५०० वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय, की चित्र सपाट आरशात पाहावं. उलटं दिसलं की ते दुसऱ्याचं वाटतं आणि चुका कळतात. अधूनमधून काम सोडून उठावं, लांबून पाहावं, इतरांचं मतही ऐकावं.

सॉफ्टवेअरमध्ये आमचंही तेच. आपलाच कोड वाचताना डोळे लिहिलेलं वाचत नाहीत, लिहायचं होतं ते वाचतात. म्हणून तो दुसऱ्याला तपासायला देतो.

गेल्या वर्षी माझे बाबा गेले. कित्येक वर्षांनी पेन्सिल हातात घेतली आणि फोटोवरून त्यांचा चेहरा काढायला बसले. महिनाभर खाडाखोड केली. काहीतरी चुकत होतं, पण काय ते कळेना. एका रात्री चित्र बेसिनवरच्या आरशासमोर धरलं. डोळे, नाक जागच्या जागी होतं. ओठ मात्र घट्ट मिटलेले, कडक. फोटोत तर बाबा हसत होते.

दहावीनंतर मला जे. जे.ला जायचं होतं. बाबा नको म्हणाले, मी इंजिनिअर झाले. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी तीस वर्षांनी कागदावर उतरवत होते, आणि मला पत्ता नव्हता.

सकाळी ओठ खोडले. फोटो नीट पाहून पुन्हा काढले.

सर, तुम्ही आज समोर बसला आहात. चित्र मी सोबत आणलंय. जेवणानंतर एकदा उलटं धरून बघाल का?