उघडे कार्ड आणि बंद पाकीट



आपल्या देशात पोस्टकार्ड सुरू झाले १८७९ साली. तेव्हापासून एक गोष्ट लोकांना कोणी न शिकविताच कळत आली आहे. खुशालीचा मजकूर कार्डावर लिहावा; कर्जाचा, आजाराचा किंवा मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांचा मजकूर पाकिटात घालावा. यात कोणी पाप लपवीत नव्हते. आपली कोणती गोष्ट कोणाच्या कानी जावी, हे ठरविण्याचा अधिकार माणूस स्वतःकडे ठेवीत होता, इतकेच. हाच अधिकार माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

तो किती सहजपणे हातातून निसटतो याचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रेल्वे स्थानकाबाहेर मी खारे शेंगदाणे घेतले. ते संपल्यावर सवयीने पुड्याचा कागद उलगडून वाचू लागलो. तो कर्जासाठी केलेला एक अर्ज होता. अर्जदार स्त्रीचे नाव, पत्ता, जन्मतारीख, खाते क्रमांक, पतीच्या मृत्यूचा दाखला जोडल्याचा उल्लेख आणि खाली तिची सही, असे सारे त्यावर होते. तिने आपली अडचण विश्वासाने एका कचेरीत सांगितली. ती रद्दीच्या वाटेने माझ्या हाती आली. मी कागद बारीक फाडून टाकला. परंतु त्या गठ्ठ्यातील उरलेले कागद कोणाच्या हाती गेले असतील, हा विचार अजून मनातून जात नाही.

माहिती आणि विश्वास यांचे नाते आपल्या कायद्याने ओळखलेले आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यान्वये प्रगणकाला दिलेली व्यक्तिगत माहिती इतर कोणालाही पाहता येत नाही. कारण तशी हमी असल्याखेरीज लोक खरे सांगणार नाहीत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. २०२३ साली संसदेने अंकीय स्वरूपातील व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत केला.

परंतु कायदा उंबरठ्यापर्यंतच येतो. दाराची कडी आपल्या हाती असते. आणि ती आपण बहुधा तीन कारणांनी काढतो.

पहिले कारण संकोच. दुकानदार मोबाईल क्रमांक विचारतो आणि ‘कशासाठी?’ असे विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. वस्तुतः तो साधा, सभ्य प्रश्न आहे. दुसरे कारण घाई. आधार पत्राची प्रत आपण मागेल त्याला देतो. शेवटचे चारच अंक दिसतील अशी प्रतही मिळते आणि पुष्कळ ठिकाणी ती पुरते. पूर्ण प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर प्रयोजन आणि तारीख लिहावी. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत टाकून न देता सोबत आणावी.

तिसरे कारण भीती, आणि तेच सर्वांत घातक. दूरध्वनीवरून कोणी पोलीस अधिकारी असल्याचे सांगून ‘डिजिटल अटक’ झाल्याची धमकी देतो. अशा अटकेची तरतूद भारतीय कायद्यात नाही. बँकेच्या नावाने ओटीपी मागणाऱ्याला तो कधीही सांगू नये. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. कारण विलंब झाला की पैसा खात्याखात्यांतून पुढे निघून जातो. लाज फसविणाऱ्याला वाटावी, फसलेल्याला नव्हे.

शेवटी एवढेच सांगतो की, आपण माहिती देणारे आहोत तसे सांभाळणारेही आहोत. शिक्षकाकडे मुलांची, डॉक्टरांकडे रुग्णांची, कारकुनाकडे अर्जदारांची माहिती असते. त्या कचेरीत अर्जांचा गठ्ठा रद्दीत देणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. त्याच्या लेखी ते केवळ जुने कागद होते. त्या बाईच्या लेखी मात्र ते तिचे आयुष्य होते. दुसऱ्याचे पत्र हाती आले की ते न वाचता पोचते करण्याची जुनी रीत आपण जाणतो. तीच रीत या नव्या कागदांना आणि क्रमांकांनाही लावावी, ही माझी आपणांस विनंती आहे.